यकृताचा राखणदार थकतो तेव्हा

जोंधळा दाण्यात आला की आपण राखणीला माळा उभारतो. राखणदार गोफण घेऊन वर चढतो, हाकारे देतो, पाखरे उठतात. काही दिवसांचेच काम, म्हणून ते निभावते. पण हीच राखण वीस वर्षे, रात्रंदिवस करावी लागली तर? हात गळून जातील. शिवाय इतकी वर्षे भिरकावलेले दगड पाखरांबरोबर कणसांनाही लागतील. हिपॅटायटिस सी या रोगात आपल्या यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, असेच काहीसे घडते.

दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ वेगळी. ती हिपॅटायटिस ए किंवा ई ची. सी चा विषाणू रक्तातून रक्तात जातो. १९७० च्या दशकात अमेरिकेत डॉ. हार्वे ऑल्टर यांच्या ध्यानात आले की, रक्त चढवलेल्या काही रोग्यांना ए ही नाही आणि बी ही नाही, अशी तिसरीच कावीळ होते. तिचा विषाणू १९८९ साली मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढला. या कामासाठी ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा विषाणू यकृतात शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांतल्या ‘टी’ पेशी विषाणूने बिघडवलेली पेशी ओळखून मारतात. शंभरांपैकी सुमारे तीस जणांत त्या सहा महिन्यांच्या आत विषाणूचा निकाल लावतात, तोही औषधाशिवाय. बाकीच्यांत मात्र विषाणू ठाण मांडतो.

असे का व्हावे? एक तर हा विषाणू बहुरूपी आहे. स्वतःच्या नकला काढताना तो चुका करतो आणि त्या सुधारत नाही. त्यामुळे नवी पिलावळ थोड्या वेगळ्या सोंगात येते आणि राखणदार तिला ओळखत नाही. दुसरे कारण थकव्याचे. टी पेशींना निसर्गाने लगाम दिले आहेत. त्यांतल्या एकाला ‘पीडी-१’ म्हणतात. लढाई संपली की पेशींनी आवरते घ्यावे, म्हणून ही सोय. पण शत्रू वर्षानुवर्षे समोरच राहिला, तर हा लगाम कायमचा ओढलेला राहतो. पेशींची वाढ मंदावते, मारण्याचे बळ कमी होते. शास्त्रज्ञही त्यांना ‘थकलेल्या पेशी’ असेच म्हणतात.

थकल्या तरी त्या माळा सोडून जात नाहीत. विषाणू संपत नाही, पण बिघडलेल्या पेशी मरत राहतात, यकृताला सूज राहते आणि जखम भरताना वण पडत जातात. यकृताची बरीचशी नासाडी अशी लढाईतूनच होते. जुना रोग असलेल्या शंभरांपैकी पंधरा ते तीस जणांचे यकृत वीस वर्षांत कडक होते. पुढे कर्करोगाचीही भीती असते. दारूची जोड मिळाली तर हे सारे लवकर घडते.

आणि इतके होईपर्यंत बहुधा डोळे पिवळे होत नाहीत, भूक मरत नाही, माणूस औत हाकत असतो. म्हणून ‘मला काय धाड भरली आहे?’ असे म्हणू नका. २००२ सालापूर्वी रक्त चढवून घेतले असेल, एकच सुई अनेकांना वापरून इंजेक्शन दिले गेले असेल, जत्रेत गोंदून घेतले असेल, तर एकदा रक्त तपासून घ्या. दाढीचे पाते दुसऱ्याचे वापरू नका. मात्र एका ताटात जेवल्याने वा मिठी मारल्याने हा रोग लागत नाही. घरातल्या रोग्याला वेगळे ताट-वाटी लावून दुखवू नका.

या रोगावर आज खात्रीचा इलाज आहे. २०१३ पासून आलेल्या गोळ्या थेट विषाणूची वाढ थांबवतात. बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक जण बरे होतात. कावीळ उतरवून घेण्याने किंवा झाडपाल्याने हा विषाणू जात नाही. आपल्या देशात २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी व औषध मोफत देण्याची सोय झाली आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिल्या तपासणीत दिसतात त्या विषाणूविरुद्ध शरीराने केलेल्या प्रतिपिंडांच्या खुणा. त्या बरे झाल्यावरही राहतात. म्हणून रक्तात विषाणू आहे की नाही, हे पाहणारी दुसरी तपासणी करावीच लागते. आणि विषाणू गेला तरी थकलेल्या पेशी पूर्वीच्या जोमाने उभ्या राहत नाहीत. या रोगावर लसही नाही. तेव्हा बरे झालेल्या माणसाला तो पुन्हा होऊ शकतो. इंजेक्शन घेताना सुई नवी, आपल्यासमोर फोडलेली आहे ना, हे दरवेळी पाहा. तसे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.