‘क्लास’ म्हणजे कोणता वर्ग?

गोंदिया जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवतो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकवताना एका उताऱ्यात ‘क्लास’ हा शब्द आला. मी सवयीने फळ्यावर ‘वर्ग’ असे लिहिले. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, कोणता वर्ग? आपण बसलो आहोत तो, की फॉर्मात भरतो तो?” मुले हसली. मला हसता आले नाही. तिने भाबडेपणाने विचारलेला हा प्रश्न आपल्या चळवळीत पन्नास वर्षे गाजत आला आहे.

हा शब्द आता इंग्रजी राहिलेलाच नाही. मुलाला गणिताचा क्लास लावतात, तेव्हा त्याचा अर्थ शिकवणी. साहेबांनी बाबूचा क्लास घेतला, म्हणजे खरडपट्टी काढली. मुलगी फर्स्ट क्लासमध्ये पास झाली, ती गुणांची पायरी. एखाद्या गायकाचा ‘क्लासच वेगळा’, तेथे अर्थ होतो दर्जा. गोंदिया हे जुने रेल्वे जंक्शन. आमच्या आजोबांच्या पिढीला या शब्दाची ओळख थर्ड क्लासच्या डब्यातून झाली. रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग बंद केला, तरी ‘थर्ड क्लास माणूस’ ही शिवी चालूच आहे. डबा गेला, शिवी राहिली.

जमिनीलाही वर्ग असतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ असा भेद केलेला आहे. वर्ग १ चा मालक जमीन मोकळेपणाने विकू शकतो. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने असतात. भूमिहीनांना सरकारने दिलेली जमीन बहुधा या दुसऱ्या वर्गात येते. आमची धानाची बांधी अशीच आहे. आई जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवणीला गेली आणि स्वतःची जमीन मिळाली तीही ‘वर्ग २’ची! अर्थात हा वर्ग माणसाचा नसून हक्काचा आहे, आणि अशा काही जमिनी ठरावीक रक्कम भरून वर्ग १ करता येतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. येथे पायरी आहे, पण ती चढता येते.

शब्दाचे मूळ पाहिले तरी हेच दिसते. लॅटिनमधील ‘क्लासिस’वरून तो आला. परंपरेप्रमाणे रोमच्या सर्व्हिअस टुलिअस राजाने नागरिकांची मालमत्तेनुसार पाच वर्गांत विभागणी केली. कोणी कोणत्या शस्त्रांनिशी लढावे आणि कोणाच्या मताला किती वजन द्यावे, हे त्यावरून ठरे. ज्यांच्याजवळ मालमत्ता नव्हती, ते या पाचांच्याही खाली. राज्याला ते फक्त संतती देऊ शकतात, म्हणून त्यांना संततीवाचक शब्दावरून ‘प्रोलेटारी’ म्हणत. मार्क्सचा ‘प्रोलेटरिएट’ तेथून आला. रोमची ही व्यवस्था न्यायाची नव्हती. पण तिचे माप संपत्ती हे होते, आणि संपत्ती येते तशी जाते. मार्क्सच्या विचारातही वर्ग ठरतो तो उत्पादनाच्या साधनांशी असलेल्या नात्यावरून, जन्मावरून नव्हे.

हे माप आपल्याकडे पुरे पडते काय? माझे वडील एका कार्यालयात शिपाई होते, म्हणजे ‘क्लास फोर’. त्यांच्या जोडीला आणखी एक शिपाई होते. दोघांचा पगार एक, गणवेश एक, संपावर जाताना घोषणाही एक. पण साहेबांच्या टेबलावर पाण्याचा पेला नेऊन ठेवायचा तो दुसऱ्या शिपायाने. तुंबलेली नाली दिसली की हाक मात्र माझ्या वडिलांना. तसा लेखी आदेश कोणी काढला नव्हता आणि कोणाला तो लागतही नव्हता. एकाच क्लासमध्ये दोन माणसे होती, आणि त्यांच्यामध्ये एक पाण्याचा पेला होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पेल्याचे शास्त्र १९१६ सालीच सांगून ठेवले आहे. कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीसंस्थेवरील निबंधात त्यांनी दाखवून दिले, की जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग. प्रथम पुरोहितवर्गाने बेटीव्यवहार आतल्या आत ठेवून स्वतःला कोंडून घेतले, मग इतरांनी अनुकरण केले. वर्गाला दार असते. जातीत ते भिंतीने बुजवलेले असते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, यात मला विसंगती दिसत नाही. दोन्ही शत्रू खरे होते. १९७२ साली उभी राहिलेली दलित पँथर याच वादात दुभंगली. ‘वर्ग की जात’ असा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्या दोन शिपायांकडे पाहावे. पगारासाठी दोघांना एकत्र लढावेच लागेल. पण तेवढ्याने पेला हलणार नाही.

आता विद्यार्थिनीच्या फॉर्माकडे येऊ. संविधानाच्या १६ (४) या कलमात इंग्रजी शब्द ‘क्लास’ आहे, ‘कास्ट’ नाही. त्यावर न्यायालयांत बराच काथ्याकूट झाला. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जात हाही सामाजिक वर्ग असू शकतो, हे मान्य केले. गावात मात्र हा निकाल आधीच लागलेला होता. ‘मागासवर्गीय’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात वर्ग येत नाही, थेट जात येते. सौम्य शब्द घेतला म्हणून वस्तू सौम्य होत नाही.

शेवटी साहित्याविषयी. ‘क्लासिकल’ हा शब्दही त्याच कुळातला. दुसऱ्या शतकातील ऑलस गेलिअसच्या ग्रंथात श्रेष्ठ लेखकाला वरच्या मालमत्ताधारी वर्गाची उपमा दिली आहे, आणि तो ‘प्रोलेटारी’ नव्हे असेही बजावले आहे. म्हणजे साहित्याची प्रतवारी करपावतीवरून! आपण त्याचे भाषांतर केले ‘अभिजात’. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. इंग्रजी शब्दाने लेखकाची संपत्ती विचारली, आपल्या शब्दाने त्याचा जन्म विचारला. दलित साहित्याला ‘यात अभिजातता कोठे आहे?’ असे विचारणाऱ्यांना आपण नेमके काय विचारतो आहोत, याची जाणीव नसावी.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पालीलाही दिला. त्याचा आनंद मलाही आहे. पण माणसाचे मोठेपण जन्मावर नसून कर्मावर असते, हा बुद्धाचा उपदेश ज्या भाषेत जतन झाला, तिच्या गौरवासाठी आपल्यापाशी ‘चांगल्या कुळात जन्मलेली’ हाच शब्द असावा, याचा विचार भाषेच्या प्राध्यापकांनी करू नये काय?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला एवढेच सांगितले: ‘क्लास’ हा शब्द दिसला की त्याला दार आहे काय ते पाहा. मेहनतीने, गुणांनी किंवा पैशाने बाहेर पडता येत असेल, तर तो वर्ग. येत नसेल, तर वर काहीही लिहिलेले असो, ती जात. तिने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, “सर, मग आपल्या कॉलेजात काय आहे?”

उत्तर मी अजून शोधतो आहे.