अर्धें शिरस्त्राण कीं पूर्ण?

घरांतील लहानसहान खरेदीचे प्रश्न घरांतल्या घरांतच सुटतात. त्यांसाठीं मासिकाचीं पानें अडविण्याचें कारण पडत नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका खरेदीवरून जो वाद माजला, तो बहुतेक वाचकांच्या घरीं आज ना उद्यां माजणार आहे, म्हणून तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

आमच्या सूनबाई नोकरीनिमित्त रोज स्कूटरवरून जातात. त्यांचें जुनें हेल्मेट निकामी झालें, तेव्हां नवें कसलें घ्यावें असा प्रश्न निघाला. त्यांचें म्हणणें, कानांच्या वरच संपणारें, बाजारांत ज्यास 'हाफ हेल्मेट' म्हणतात तें हलकें व सुटसुटीत बरें. चिरंजीवांचें म्हणणें, हनुवटीसकट सर्व तोंड झांकणारें 'फुल फेस' हेल्मेटच पाहिजे. आमच्या सौभाग्यवतींनीं निकाल देऊन टाकला कीं, "चार किलोमीटरांचा तर रस्ता, एवढें चिलखत कशाला?" शेवटीं सूनबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, आतां तुम्हीच सांगा."

पूर्वीं विचारलें असतें, तर मीं बहुधा सूनबाईंचीच बाजू घेतली असती. परंतु मध्यंतरीं एक प्रसंग घडला. पावसाळ्याचे दिवस होते. माझा पुतण्या सांगली-मिरज रस्त्यानें मोटारसायकलवरून येत होता. वेग बेताचाच. रस्त्यावर वाहून आलेल्या वाळूवर चाक घसरलें आणि तो तोंडघशीं पडला. डोक्यावर अर्धें हेल्मेट होतें. पट्टाही नीट बांधलेला होता. त्याच्या कवटीला ओरखडा नव्हता. हेल्मेटनें आपलें काम चोख केलें होतें. परंतु रस्त्याच्या कडेच्या दगडावर हनुवटी आपटली, खालचा जबडा दोन ठिकाणीं मोडला आणि समोरचे चार दांत गेले. जबडे तारेनें बांधलेले, आणि सहा आठवडे पेज व दूध हेंच अन्न! तो बरा झाला, ही ईश्वराची कृपा. तथापि ज्या मुलाला मीं स्वतः मांडीवर बसवून रामरक्षा शिकविली, त्याच्या मुखांतून त, थ, द, ध हे दंत्य वर्ण आजही पूर्वीसारखे उमटत नाहींत. तो शिक्षक आहे. वर्गांत एखादा शब्द अडला कीं तो क्षणभर थांबतो, आणि मला त्याच्या आईच्या डोळ्यांकडे पाहवत नाहीं.

त्या दिवसापासून मी या विषयाकडे लक्ष देऊं लागलों. संस्कृतांत डोक्याला 'उत्तमांग' असाही शब्द आहे. अमरकोशांत तो दिला आहे. उत्तमांग म्हणजे केवळ टाळू नव्हे. डोळे, नाक, दांत, जीभ, सर्व त्यांत आलें. मग त्याच्या त्राणासाठीं जें घ्यावयाचें, तें नुसत्या टाळूपुरतें कसें पुरेल?

मोटारसायकलस्वाराच्या डोक्याचा शास्त्रीय विचार सुरू होण्यास एका प्रसिद्ध पुरुषाचा मृत्यु कारणीभूत झाला. पहिल्या महायुद्धांत अरबस्तानांत गाजलेले टी. ई. लॉरेन्स यांना १३ मे १९३५ रोजीं इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत अपघात झाला. सायकलवरील दोन मुलांना चुकविण्याच्या प्रयत्नांत ते मोटारसायकलवरून फेकले गेले. डोक्यावर कांहीं नव्हतें. सहा दिवसांनीं, १९ मे रोजीं, ते शुद्धीवर न येतांच वारले. त्यांना तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. ही हानि टाळतां आली असती, या विचारानें त्यांनीं पुढें अशा अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. शिरस्त्राण घातलेल्या स्वारांचीं डोक्याच्या दुखापतीचीं अवघीं सात उदाहरणें त्यांना मिळालीं आणि त्यांपैकीं एकही दगावला नव्हता. पुढें १९७३ सालीं ब्रिटनमध्यें मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचें झालें.

हेल्मेट डोकें वांचवितें तें कसें? पुष्कळांची समजूत अशी कीं, वरचें कठीण कवच सर्व काम करतें. तें अर्धेंच सत्य आहे. कवच आघात पसरवितें व टोंकदार वस्तु आंत शिरूं देत नाहीं. खरें काम करतो तो आंतील थर्माकोलसारख्या पदार्थाचा जाड थर. तो स्वतः चेंगरतो आणि डोक्याला थांबण्यास थोडें अंतर व थोडा अवधि मिळवून देतो. शाळेंतलें गणित करून पाहूं. दीड मीटर उंचीवरून डोकें नुसतें खालीं पडलें, तरी जमिनीला भिडतांना त्याचा वेग ताशीं एकोणीस-वीस किलोमीटर असतो. गाडी उभी असली तरी हा आंकडा बदलत नाहीं! आतां हें डोकें दगडावर दोन मिलिमीटरांत थांबलें तर जो जोर बसेल, त्याच्या एक-दशांश जोर तें थरांत दोन सेंटिमीटर दबून थांबल्यास बसतो. एवढ्या फरकावर कवटीच्या आंतील मेंदूचें भवितव्य अवलंबून असतें. 'मी हळूच चालवितों' या युक्तिवादाचें उत्तर याच गणितांत आहे.

आतां अर्ध्या व पूर्ण हेल्मेटांची तुलना करूं. वरील थर जेथें आहे, तेथेंच रक्षण. जेथें नाहीं, तेथें नाहीं. अर्धें हेल्मेट माथा झांकतें. कानशिलें, डोक्याची मागील खालची बाजू व तोंड उघडें ठेवतें. त्याच्या वरची पायरी म्हणजे कान व मान झांकणारें, पण तोंड उघडें असलेलें. पूर्ण हेल्मेटांत हनुवटीपुढें कवचाचीच कमान असते. ही कमान चैनीची नव्हे. जर्मनींतील हानोव्हर येथें दीत्मार ओटे यांनीं प्रत्यक्ष अपघातांतील हेल्मेटांवर आघात कोठें झाले याची मोजदाद केली, तेव्हां सुमारें एक-तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर आढळले. मनुष्य पुढें जात असतांना पडतो, म्हणजे बहुधा पुढेंच पडतो. यांत नवल तें काय? अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करणारा हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ सालीं निघाला; त्यांतही पूर्ण हेल्मेटचाच पक्ष घेतलेला आहे.

याचा अर्थ अर्धें हेल्मेट टाकाऊ, असा मात्र नव्हे. पुतण्याचा जबडा गेला, पण प्राण वांचला, तो त्याच्यामुळेंच. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २००८ सालीं काढलेला निष्कर्ष असा कीं, हेल्मेटमुळें मृत्यूचा संभव सुमारें ४२ टक्क्यांनीं व डोक्याच्या दुखापतीचा सुमारें ६९ टक्क्यांनीं घटतो. खुंटीवर टांगलेल्या पूर्ण हेल्मेटपेक्षां डोक्यावरचें अर्धें बरें. परंतु दोन्हींपैकीं एक निवडावयाचें असतां अर्धें निवडण्यास सबळ कारण उरत नाहीं.

आक्षेप पुष्कळ आहेत व ते हंसण्यावारी नेऊं नयेत. जानेवारी २०१९ मध्यें पुण्यांत हेल्मेटसक्तीविरुद्ध निदर्शनें झालीं, तीं कांहीं वेड्यांनीं केलीं नव्हतीं. उकडतें, हें खरें आहे. त्यावर हवेचीं भोकें असलेलें व फिकट रंगाचें हेल्मेट आणि आंत पातळ सुती टोपी हा उपाय. बाजूचें दिसत नाहीं, हें मात्र फारसें खरें नाहीं. अमेरिकन मानकांप्रमाणें दोन्ही बाजूंस १०५ अंशांपर्यंत दृष्टि मोकळी राहावी लागते. हेल्मेटच्या वजनानें मान मोडते, हा समज पुढील संशोधनांत टिकला नाहीं. चष्मा लावणाऱ्यांस व वारंवार थांबून बोलावें लागणाऱ्यांस हनुवटीची कमान वर उचलतां येणारें हेल्मेट सोयीचें पडतें. पण चालवितांना ती खालीं घट्ट बसलेली हवी. युरोपीय मानकांत कमान संरक्षक असल्यास 'पी' आणि नसल्यास 'एनपी' अशीं अक्षरें असतात. म्हणजे तोंड नुसतें झांकलें म्हणून तें रक्षिलें जातेंच असें नाहीं.

घेतांना पुढील गोष्टी पाहाव्या. आय.एस. ४१५१ या क्रमांकासह 'आयएसआय' चिन्ह असावें. १ जून २०२१ पासून आपल्या देशांत त्याविना दुचाकीचें हेल्मेट विकण्यास बंदी आहे. तें घट्ट बसावें; हातानें फिरविलें असतां गालांची कातडी त्याबरोबर ओढली गेली पाहिजे. पट्टा बांधून मागून वर ओढल्यास तें निघूं नये. बायकांनीं उंच अंबाडा घालून वर हेल्मेट चढवूं नये. तें वर राहतें व आघातासरशीं सरकतें. सैल वेणी बरी. एकदां जोराचा आघात झालेलें हेल्मेट वरून धड दिसलें तरी टाकून द्यावें, कारण आंतील थर एकदांच चेंगरतो. आणि पट्टा न बांधलेलें हेल्मेट म्हणजे केवळ पोलिसांसाठीं घातलेली टोपी!

शेवटीं मी सूनबाईंना पुतण्याची हकीकत सांगितली नाहीं. ती त्यांना ठाऊकच होती. मीं फक्त विचारलें, "तुझ्या मागें कोण बसतें?" त्या गप्प झाल्या. मागें दर मंगळवारीं देवळांत जातांना आमच्या सौ. बसतात, डोक्यावर पदर घेऊन! २०२२ सालीं भारतांत हेल्मेटविना ५०,०२९ माणसें रस्त्यावर मेलीं. त्यांपैकीं १४,३३७ मागें बसणारीं होतीं. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमांत चालविणारा व मागें बसणारा असा भेद नाहीं. चार वर्षांवरील प्रत्येकास तें लागू आहे. पगडी बांधणाऱ्या शीखांस तेवढी सवलत आहे. आपल्या घरांत मात्र बहुधा एकच चांगलें हेल्मेट असतें आणि तें कर्त्या पुरुषाचें असतें.

त्या संध्याकाळीं आम्हीं एकाऐवजीं दोन हेल्मेटें आणलीं, दोन्हीं पूर्ण. सौ.नीं आरशापुढें तें चढवून पाहिलें आणि कांचेआडून म्हणाल्या, "आंत स्वतःचाच आवाज घुमतो कीं हो!" मीं म्हटलें, "घुमूं दे. तो आवाज या घरांत आम्हांला अजून पुष्कळ वर्षें ऐकावयाचा आहे."