वयाला विचारून खेळा

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. गंगापूर रोडवरील आमच्या दवाखान्यात एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा वेगवान गोलंदाज. सकाळ-संध्याकाळ सराव, शिवाय रविवारी सामना. महिनाभर डावा गुडघा दुखत होता. "डॉक्टरसाहेब, इंजेक्शन द्या, पण परवाची मॅच चुकायला नको," वडील म्हणाले. पाहतो तो तेही लंगडत होते! वय चव्वेचाळीस. मित्रांबरोबर टेनिस बॉलने खेळताना मांडीचा मागचा स्नायू ताणला गेलेला. एकाच घरातले दोन खेळाडू आणि दोघांचे दुखणे एकाच कारणाचे. खेळताना वयाला कोणी विचारलेच नव्हते.

वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चा असते. गुडघ्याच्या वाटीखाली, जेथे मांडीचा बळकट स्नायू नडगीच्या हाडाला जोडलेला असतो, तेथे धावण्या-उड्यांचा सतत ताण पडला की ती जागा सुजते, दुखते. याला ऑसगूड-श्लॅटर विकार म्हणतात. खेळ कमी करणे, बर्फाने शेकणे आणि मांडीचे स्नायू सैल करणारे व्यायाम एवढ्याने बहुतेक मुले बरी होतात. दुखणे दाबून मुलाला मैदानात उतरवणे मात्र सर्वथा चूक.

अमेरिकेत मुलांच्या 'लिटल लीग' बेसबॉलमध्ये २००७ पासून चेंडू मोजले जातात. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस सक्तीची विश्रांती. कोवळ्या कोपराला व खांद्याला जपण्यासाठीच हा नियम आहे. आपल्याकडे हे मोजमाप पालकांनीच करायला हवे.

विशी-तिशीत शरीर भरात असते. आपल्याच जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊत पाहा. लहानपणी अनवाणी धावणाऱ्या या मुलीने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत, पंचविसाव्या वर्षी, १० हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले. पुढे त्या मॅरेथॉनकडे वळल्या आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेल्या. अनेक धावपटू हेच वळण घेतात, कारण वयाबरोबर स्नायूंचा झपाटा आधी उतरतो, दम मात्र बराच काळ टिकतो.

तिशीनंतर अनुभव कामी येतो. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला सचिन तेंडुलकरने, वारंवार बाद करणारा कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवून नाबाद २४१ धावा केल्या. पुढे कोपराच्या दुखण्यावर २००५ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तरी तो २०१३ पर्यंत, म्हणजे चाळिशीपर्यंत खेळला. शरीराशी भांडण न करता खेळ बदलणारा खेळाडूच लांब पल्ला गाठतो.

आता चाळिशी ओलांडलेल्या रविवारच्या वीरांसाठी चार शब्द. आठवडाभर खुर्चीत बसून एकदम धाव घेऊ नका. स्नायूबंध वयाने ताठर होतात. रोज अर्धा तास भरभर चाला, आठवड्यातून दोनदा स्नायूंना बळ देणारे व्यायाम करा आणि खेळण्यापूर्वी दहा मिनिटे अंग गरम करा. रक्तदाब व साखर तपासून घ्या. घरात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. खेळताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसली तर 'गॅस झाला' म्हणून बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

त्या दोघांनाही मी सहा आठवडे सामने बंद सांगितले. मुलगा रडवेला झाला. त्याला म्हटले, "बाळा, तुझ्यापुढे वीस वर्षांचा खेळ आहे, एक रविवार गेला तर काय बिघडले?" मुलाने ऐकले. वडिलांना मात्र दोनदा सांगावे लागले!