बिऱ्हाड चालेल, कुत्रं नको!

पुण्यात भाड्याने जागा शोधणे ही एक परीक्षाच असते आणि ती तोंडी असते. ‘काय करता?’, ‘गाव कुठलं?’, ‘लग्न झालंय का?’, ‘नॉनव्हेज खाता का?’ या प्रश्नांतून पार पडलेल्या उमेदवाराला हल्ली शेवटचा एक प्रश्न आवर्जून विचारला जातो, ‘कुत्रं-मांजर काही नाही ना?’ इथे ‘आहे’ असे उत्तर आले, की आधीचे सगळे गुण बाद!

नवे वर्ष सुरू झाले, की गणेशखिंडीच्या परिसरात हे दृश्य हमखास दिसते. 1949 साली स्थापन झालेल्या आणि 2014 पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव लावणाऱ्या पुणे विद्यापीठाचे आवार 411 एकरांचे. पण वसतिगृहात सगळेच मावत नाहीत आणि प्राणी तर नाहीच नाही. मग बाहेरगावची मुले औंध, बाणेर, पाषाण, खडकी धुंडाळत फिरतात. त्यांतल्या काहींबरोबर एक चार पायांचा सोबती असतो. कुणी पावसात कुडकुडणारे पिल्लू उचललेले असते, कुणी घरची मांजर बरोबर आणलेली असते. पीएच.डी. म्हणजे चार-पाच वर्षांचा एकांतवास. संध्याकाळी दाराशी कुणीतरी वाट पाहत असणे, ही त्यात चैन नव्हे, आधार असतो.

पूर्वी मॉडेल कॉलनीत, औंधात बंगले होते; मागे आउटहाऊस, पुढे अंगण. अंगणातल्या मांजराला कुणी भाडेकरू म्हणत नसे. बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, अंगण गेले आणि जिना, लिफ्ट, गच्ची सारे सामायिक झाले. जनावर तेच राहिले, जागा आक्रसली.

घरमालकाला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण पुष्कळदा तो निवृत्त माणूस असतो. फंडाच्या पैशांतून घेतलेल्या फ्लॅटचे भाडे हेच त्याचे पेन्शन असते. दारावर ओरखडे, गादीला वास, शेजाऱ्यांची तक्रार आणि सेक्रेटरीचा फोन हे सगळे शेवटी त्याच्याच वाट्याला येते.

कायदा काय म्हणतो? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये असाच निर्वाळा दिला. पण हे झाले सोसायटीपुरते. स्वतःचा फ्लॅट कोणत्या अटींवर द्यायचा, हे मालक करारात ठरवतो. त्यामुळे परिपत्रकाची झेरॉक्स दाखवून घर मिळत नाही. विश्वास बसला, तरच मिळते.

हा विश्वास कागदावर उतरवता येतो. रेबीजच्या लशीचे प्रमाणपत्र, कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना, नसबंदीचा दाखला आणि आधीच्या घरमालकाची दोन ओळींची चिठ्ठी एका फाइलमध्ये लावून न्यावी. जागा सोडताना रंग लावून देण्याची किंवा नुकसानीपोटी वेगळी अनामत ठेवण्याची तयारी स्वतःहून दाखवावी. मांजर असेल, तर गॅलरीला जाळी बसवून घेऊ, असे सांगावे. आणि ठरेल ते ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या करारात लिहून घ्यावे. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांचा असला, तरी त्याला सूट नाही. ‘एजंट हो म्हणाला होता’ हे वाक्य पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

याच्या उलट मार्ग म्हणजे लपवाछपवी. ‘काही नाही’ म्हणून जागा घ्यायची आणि रात्री बास्केटमधून मांजर वर न्यायचे! महिन्याभरात वॉचमनला कळते, मग शेजाऱ्यांना, मग मालकाला. परीक्षा तोंडावर आलेली आणि हातात नोटीस. मुलाला मित्राच्या खोलीवर आसरा मिळतो. कुत्र्याला मात्र टेकडीच्या पायथ्याशी सोडले जाते. घरात वाढलेल्या जनावराला उकिरड्यावर जगता येत नाही. तिथली कुत्री त्याला आपल्या हद्दीत उभे राहू देत नाहीत. प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! म्हणजे जनावराची भिस्त कायद्यापेक्षा माणसाच्या मनावरच.

म्हणून पिल्लू उचलण्यापूर्वी एक साधे गणित मांडावे. करार 11 महिन्यांचा, एम.ए. 2 वर्षांचे, आणि कुत्र्याचे आयुष्य 10 ते 15 वर्षांचे. पुढची नोकरी, पुढचे गाव, पुढचे घर यांत ते बसत नसेल, तर खाली गेटपाशी त्याला रोज पोळी घालणे अधिक प्रामाणिक.

आणि घरमालकांनी? पाटीवर ‘नो पेट्स’ लिहिण्याआधी एकदा त्या प्राण्याला आणि त्याच्या धन्याला पाच मिनिटे भेटावे. जो मुलगा मुक्या जनावराच्या लशीची तारीख चुकवत नाही, तो भाड्याची तारीखही बहुधा चुकवणार नाही.