कप्तानाचं वय किती?

एका बोटीवर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर बोटीच्या कप्तानाचं वय किती?

मंडळी, गणित ऐकून तुम्हाला हसू आलं असेल. मेंढ्यांचा आणि कप्तानाच्या वयाचा काय संबंध? पण १९७९-८० च्या सुमारास फ्रान्समध्ये, ग्रेनोबल इथल्या गणित-शिक्षणाच्या अभ्यासकांनी हाच प्रश्न सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना लेखी सोडवायला दिला. त्यांतल्या ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांचाच काहीतरी हिशेब करून कप्तानाचं वय काढलं. २६ अधिक १०, छत्तीस. झालं गणित!

ही मुलं मठ्ठ होती का? अजिबात नाही. शाळेचा एक अलिखित नियम त्यांना चांगला उमगला होता. गुरुजींनी किंवा बाईंनी गणित घातलं, म्हणजे त्याला उत्तर असणारच. दिलेले आकडे वापरायचेच असतात. आणि काल वजाबाकी शिकवली असेल, तर आज वजाबाकीच करायची असते. या नियमानं वागणाऱ्या मुलाला एरवी गुण मिळतात. विचार करण्याची गरजच पडत नाही.

अशीच गोष्ट अमेरिकेत घडली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक गणित होतं. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर १,१२८ सैनिकांना किती बस लागतील? भागाकार केला की ३१ येतात आणि बाकी १२ उरते. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार अचूक केला. पण ३२ बस हे उत्तर जेमतेम २३ टक्के मुलांनी लिहिलं. बाकीच्यांपैकी अनेकांनी '३१, बाकी १२' असं लिहिलं, काहींनी नुसतं ३१. उरलेल्या बारा सैनिकांनी काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या एका मुलाला विचारलं, पस्तीसला एक नारळ, तर दहा नारळांचे किती? त्यानं तोंडी हिशेब केला. तीन नारळांचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, आणखी तीन, ३१५, आणि वरचा एक, ३५०. एकावर शून्य द्यायची युक्ती त्यानं वापरली नाही, पण काय चाललंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गाड्यावर या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा जेमतेम ३७ टक्के बरोबर आले. म्हणजे मुलाला विचार करता येत होता. कागद समोर आला की तो विचार बाजूला पडत होता.

मग वर्गात काय करता येईल? त्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत, सवय बदलावी लागते.

पहिली गोष्ट, खुणेच्या शब्दांवर विसंबायला शिकवू नये. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, असं आपण सर्रास सांगतो. पण हे गणित बघा. सीमानं ५ पेरू खाल्ले, आता ८ उरले, तर आधी किती होते? इथे 'उरले' हा शब्द आहे आणि करायची आहे बेरीज. मुलानं आधी गोष्ट समजून घ्यावी, जमल्यास तिचं चित्र काढावं, मग क्रिया ठरवावी.

दुसरी गोष्ट, अधूनमधून अपुरी माहिती असलेली किंवा जादा आकडे असलेली गणितं द्यावीत. 'याचं उत्तर काढता येणार नाही, कारण अमुक माहिती दिलेली नाही' हे उत्तर आहे, आणि त्यालाही पूर्ण गुण आहेत, हे मुलांना कळू द्यावं.

तिसरी गोष्ट अंदाजाची. ४९ गुणिले ६ करण्याआधी विचारावं, उत्तर तीनशेच्या आत की बाहेर? सहा पन्नास तीनशे, त्यातून सहा कमी, म्हणजे २९४. असा अंदाज आधी बांधला, तर २,९४० असं उत्तर आलेलं मुलाला स्वतःलाच खटकतं.

चौथी गोष्ट, एकाच प्रश्नाची अनेक उत्तरं. काडेपेटीतल्या २४ काड्या द्या आणि त्या सगळ्या वापरून आयत करायला सांगा. कुणी ११ आणि १ चा करील, कुणी ८ आणि ४ चा, कुणी ६ आणि ६ चा. काडीच्या लांबीचे चौरस आत किती मावतात ते मोजा. पहिल्यात ११, दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात ३६. काड्या तेवढ्याच, मग आतली जागा वेगळी कशी? इथून वर्गात खरा वाद सुरू होतो.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 'कसं काढलंस?' हा प्रश्न उत्तर चुकल्यावरच विचारू नये, बरोबर आल्यावरही विचारावा. नाहीतर 'कसं' म्हटलं की मूल घाबरून उत्तर खोडून टाकतं.

यावर कुणी म्हणेल, मग पाढे सोडून द्यायचे का? मुळीच नाही. पाढे पाठ असले की विचाराला मोकळीक मिळते. पण पाढे म्हणजे गणित नव्हे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं, मुलाच्या विचारालाच गणिती वळण लावणं हे शालेय गणिताचं मुख्य ध्येय मानलं. साठ मुलांच्या वर्गात, अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत हे अवघड आहे, मान्य. पण आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं काढता येतात. घरी आईवडिलांनाही काढता येतात.

हेच मूल उद्या कर्जाचा हप्ता समजून घेणार आहे, जाहिरातीतली सूट तपासणार आहे, निवडणुकीतले आकडे ऐकणार आहे. तिथे अनेकजण त्याला मेंढ्या मोजून कप्तानाचं वय सांगतील. त्या वेळी 'याचा त्याच्याशी काय संबंध?' असं विचारण्याचं धाडस त्याला तिसरीच्या वर्गातच मिळायला हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)