व्हिसा संपतोय, मग लग्न उरकून घ्यायचं?

"तिचा व्हिसा जूनमध्ये संपतोय. मे महिन्यात तिकडेच कोर्टात सह्या करून टाकू. मुलगा सेटल आहे, म्हणजे राहायचा प्रश्नच मिटला." मुलं अमेरिकेत शिकायला गेलेल्या घरांमधून हे इतक्यांदा कानावर पडतं की हल्ली बोलणं पुरं व्हायच्या आतच माझी चिडचिड सुरू होते. एवढ्याशा बोलण्यात तीन चुका आहेत. जूनमध्ये जे संपतंय तो बहुधा व्हिसा नसतोच. नुसत्या लग्नाने राहायचा हक्क मिळत नाही. आणि 'सेटल' नावाचा कुठलाही दर्जा अमेरिकेच्या कायद्यात नाही.

पहिली चूक आधी निस्तरू. पासपोर्टात चिकटवलेला एफ-१ व्हिसा देशात शिरण्यापुरता असतो. आत किती दिवस राहायचं हे आय-९४ या प्रवेशनोंदीवरून ठरतं, आणि विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर आजवर तारखेच्या जागी 'डी/एस' ही अक्षरं येत आली आहेत. त्याचा अर्थ, शिक्षण आणि त्यापुढची ओपीटी (शिक्षणाला जोडून मिळणारी नोकरीची मुभा) नियमाप्रमाणे चालू आहे तोवर. ओपीटी १२ महिन्यांची, विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी असेल तर वर आणखी २४ महिने, आणि शेवटी आवराआवरीसाठी ६० दिवस. त्यामुळे व्हिसाची तारीख कधीच उलटून गेलेली मुलगी पूर्ण कायदेशीरपणे नोकरी करत असू शकते. उलट व्हिसा दोन वर्षं शिल्लक असलेल्या मुलाने ओपीटीत ९० दिवसांपेक्षा जास्त बिननोकरीचे काढले, तर त्याचं स्टेटस धोक्यात आलेलं असतं. ('डी/एस' काढून ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव अमेरिकी सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला. म्हणून आपल्या आय-९४ वर आणि कॉलेजने दिलेल्या आय-२० वर काय छापलंय, ते स्वतः उघडून बघा.)

आता मुख्य दुखणं. लग्न झालं की स्टेटस मिळतं, हा समज. लग्नाच्या दाखल्याने इमिग्रेशनच्या दप्तरी एक काडीही हलत नाही. हलतं ते अर्जाने, आणि कुठला अर्ज करता येईल हे समोरच्या माणसाचा दर्जा काय यावर ठरतं. स्थळ सांगताना मात्र आपल्याकडे नागरिक, ग्रीन कार्डवाला आणि एच-१बीवाला (म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा) हे तिघेही 'अमेरिकेत सेटल' या एकाच रकान्यात बसतात. तिघांच्या बायकोसाठी कायदा तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो.

मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल, तर पत्नी 'निकटच्या नातेवाईक' वर्गात येते. या वर्गाला वार्षिक मर्यादा नाही, म्हणून रांगही नाही. नात्याचा आय-१३० आणि ग्रीन कार्डसाठीचा आय-४८५ हे दोन्ही अर्ज एकाच वेळी भरता येतात. आणि मे-जूनची धावपळ करणाऱ्यांनी ही गोष्ट नीट वाचावी: रीतसर तपासणी होऊन देशात आलेली व्यक्ती असेल, तर स्टेटस संपल्यावर केलेलं लग्न आणि त्यानंतर भरलेला अर्जदेखील या वर्गात चालतो. इमिग्रेशन कायद्याच्या २४५ व्या कलमात नागरिकाच्या पती-पत्नीसाठी ही सवलत स्पष्ट आहे. म्हणजे ज्या एका बाबतीत लोक तारखेला सर्वांत जास्त घाबरतात, तिथेच तारखेचा जाच सर्वांत कमी. याचा अर्थ बिनधास्त मुदत ओलांडावी असा नव्हे. स्टेटस संपल्यापासून अर्ज पोचेपर्यंतच्या काळात हद्दपारीची नोटीस येऊ शकते, आणि अर्ज प्रलंबित असला म्हणजे कवचकुंडलं मिळाली असं नाही, हे इमिग्रेशन खात्याने ऑगस्ट २०२५ च्या धोरणात पुन्हा बजावलं आहे. पण 'जूनच्या आत लग्न नाही तर सगळं संपलं' हे निदान इथे तरी खोटं.

मुलगा ग्रीन कार्डधारक असेल, तर चित्र उलटं होतं. त्याची पत्नी एफ-२ए नावाच्या वर्गात जाते, आणि या वर्गाला मर्यादा आहे. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत ही रांग जवळजवळ नव्हतीच, त्या काळात ज्यांची कामं झाली ते नातेवाईक आजही छातीठोकपणे सांगतात, "काही नाही हो, लगेच होतं." एप्रिल २०२३ पासून रांग परत आली. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात दोन तक्ते असतात, एक ग्रीन कार्ड प्रत्यक्ष हाती पडण्याचा आणि दुसरा अर्ज भरता येण्याचा. दुसरा बऱ्याचदा बराच पुढे असतो, पण त्या महिन्यात कुठला तक्ता धरायचा हे इमिग्रेशन खातं जाहीर करतं. आपला नंबर त्या तक्त्यात येईपर्यंत मुलीला स्वतःच्या हिमतीवर स्टेटस टिकवावं लागतं: एफ-१ वर, ओपीटीवर, लॉटरी लागली तर एच-१बीवर. वरची सवलत इथे लागू नाही. स्टेटस मोडल्यावर आय-४८५ भरला तर तो नाकारला जाऊ शकतो. म्हणून इथे मे महिन्यातल्या सह्यांनी जूनचा प्रश्न सुटत नाही; त्यानंतर आय-१३० भरला की फक्त रांगेत उभं राहता येतं. नवऱ्याला नागरिकत्व मिळालं (ग्रीन कार्डानंतर साधारण पाच वर्षांनी त्यासाठी अर्ज करता येतो), की ती पहिल्या वर्गात सरकते. ते गणित आधी मांडावं.

आणि मुलगा एच-१बीवर असेल, तर तो स्वतःच पाहुणा आहे. त्याची पत्नी एच-४ वर जाऊ शकते. मुलगी अमेरिकेतच असेल तर त्यासाठीचा आय-५३९ अर्ज तिचं स्टेटस किंवा ते ६० दिवस संपण्याआधी पोचायला हवा. पण एच-४ मंजूर झाला की एफ-१ गेलं, आणि त्याबरोबर ओपीटीवरची नोकरीही. २०१५ च्या नियमाने काही एच-४ धारकांना नोकरीचा परवाना मिळतो, पण साधारणपणे नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर असेल तरच. "नवऱ्याच्या व्हिसावर ये ना, त्यात काय" असं सहज म्हणणाऱ्यांना आपण मुलीला नोकरी सोडायला सांगतोय हे बहुधा ठाऊक नसतं. ठाऊक असूनही सांगणारे असतात; त्यांच्यासाठी हा लेख नाही.

लग्नाची तारीख खरोखर निर्णायक ठरते अशी एक जागा आहे, आणि नेमकी तिच्याबद्दल मला कोणी विचारत नाही. नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्डसाठी रांगेत असलेल्याच्या पत्नीला, कायद्याच्या २०३(डी) कलमानुसार, त्याच्याच रांगेतली त्याचीच जागा मिळते. अट एवढीच की त्याचं ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेलं हवं. भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीच्या वर्गांची रांग अशी की २०२५ सालात साधारण २०१३ च्या सुमारास नाव नोंदवलेल्यांचे नंबर लागत होते. ईबी-१ ला साडेतीन वर्षांच्या आसपास. एवढी वर्षं थांबलेल्या मुलाचं कार्ड मंगळवारी मंजूर झालं आणि लग्न शनिवारी लागलं, तर पत्नीचा त्या जागेवरचा हक्क गेला. ती नव्याने एफ-२ए मध्ये. हेच लग्न सोमवारी झालं असतं, तर त्याच्या जुन्या तारखेवर तिला अर्ज करता आला असता. शिवाय नोकरीच्या वर्गात २४५(के) कलमामुळे शेवटच्या प्रवेशानंतर एकूण १८० दिवसांपर्यंतचा स्टेटसचा खंड माफ होतो, आणि हा फायदा पत्नीलाही मिळतो. मुलीच्या पासपोर्टवरची तारीख घरातल्या सगळ्यांना पाठ असते. मुलाची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, काय आहे, हे सासू-सासऱ्यांनाच काय, कधीकधी मुलीलाही माहीत नसतं. बैठकीत पत्रिका मागता, तशी ती तारीखही मागा.

आपल्याकडची म्हणून एक खास पळवाट आहे, तिच्याबद्दल थोडं थांबून. "सध्या नुसतं रजिस्ट्रेशन करून दाखला घेऊ, लग्न डिसेंबरात थाटात लावू." मुलगी-मुलगा हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणार असतील तर हे चालत नाही. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा असतो. न झालेलं लग्न नोंदणीने होत नाही. १९ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांच्या खंडपीठाने हे स्वच्छ सांगितलं. त्या जोडप्याने विधी न करताच दाखला मिळवला होता, समारंभ पुढे ठेवला होता, आणि मधल्या काळात बिनसलं. न्यायालयाने लग्न झालंच नव्हतं असं ठरवलं. परदेशी व्हिसाच्या अर्जासाठी असे दाखले आधी काढून ठेवण्याच्या प्रथेचा निकालात उल्लेख आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, लग्न जिथे झालं तिथल्या कायद्याने ते वैध आहे का, हे पाहतं. तेव्हा इथे पोकळ असलेला दाखला तिथे भरीव होत नाही.

घाई खरीच असेल तर सरळ मार्ग आहेत. इथे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करता येतं. त्याला विधी लागत नाहीत, पण दोघांपैकी एकाने नोटिशीच्या आधी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. सुट्टीवर आलेल्याला हे जमणं कठीण. अमेरिकेत काउंटी क्लार्ककडून परवाना घेऊन केलेलं लग्न पूर्ण वैध असतं. कॅलिफोर्नियात परवान्यानंतर थांबावं लागत नाही, न्यूयॉर्कमध्ये २४ तास. नंतर पुण्यात किंवा सांगलीत अक्षता पडू द्या, जेवणावळी होऊ द्या. फक्त त्या समारंभाचा दुसऱ्या तारखेचा दुसरा विवाहदाखला काढू नका. एकाच जोडप्याचे दोन तारखांचे दोन दाखले पाहिले की मुलाखतीत प्रश्न येणारच.

बाकीचे समज झटपट. घाईत केलेलं लग्न खोटं ठरतं का? नाही, लग्नाच्या वेळी एकत्र संसार करण्याचा हेतू होता का, ही कसोटी आहे. कार्डापुरतं कागदी लग्न मात्र सरळ गुन्हा: पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि पुढे कुणी खऱ्या नात्याने अर्ज केला तरी तो मंजूर न होण्याची कायमची बंदी. व्हिडिओ कॉलवरचं लग्न दोघं त्यानंतर प्रत्यक्ष पती-पत्नी म्हणून एकत्र येईपर्यंत धरलं जात नाही. '९० दिवस थांबून मगच लग्न करा' हा नियम परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेतला, सप्टेंबर २०१७ चा. तो शेवटच्या प्रवेशापासून मोजतात आणि इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक नाही, हे त्या खात्याच्याच धोरणपुस्तिकेत लिहिलंय. आय-४८५ भरला म्हणून त्याच दिवशी नोकरीची मुभा मिळत नाही; कामाचा परवाना हातात यावा लागतो. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मिळालेलं कार्ड दोन वर्षांचंच असतं, आणि संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरावा लागतो. आणि अर्ज प्रलंबित असताना घरच्या लग्नाला म्हणून अॅडव्हान्स पॅरोल या परत येण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय मुंबईचं विमान पकडलं, तर एफ-१ विद्यार्थ्याने आय-४८५ सोडून दिला असं धरतात. पुन्हा एफ-१ व्हिसाचा शिक्का घ्यायला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत गेलात, तर अमेरिकेतच स्थायिक होण्याचा इरादा तुम्ही आधीच लिहून दिलेला असतो, हे विसरू नका.

कॉलेजचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय एफ-१ बद्दल नेमकी माहिती देतं, तीही फुकट. ग्रीन कार्डाचा सल्ला देणं हे त्यांचं काम नव्हे. ते काम इमिग्रेशन वकिलाचं आहे, व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या दादांचं किंवा अमक्याच्या मेहुण्याचं नाही. मुलीचा आय-२० आणि आय-९४, मुलाच्या सगळ्या मंजुरीच्या नोटिसा आणि प्रायॉरिटी डेट घेऊन दोघांनी एकदा वकिलासमोर बसा, आणि मंगल कार्यालय बुक करण्याआधी बसा.