ट्यूबाचा दम आणि अर्नोल्ड जेकब्ज

सिंफनी वाद्यवृंदात ट्यूबावादक बहुधा एकच असतो. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात ही खुर्ची १९४४ ते १९८८ अशी ४४ वर्षे अर्नोल्ड जेकब्ज यांच्याकडे होती.

त्यांचा जन्म १९१५चा, फिलाडेल्फियातला. बालपण कॅलिफोर्नियात गेले. बिगुल, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असे करत ते ट्यूबाकडे वळले आणि पंधराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेत दाखल झाले. तेथील गुरू फिलिप डोनाटेली यांच्याकडे यॉर्क कंपनीचा एक भव्य ट्यूबा होता. तो त्यांनी या शिष्याला १७५ डॉलरला, आठवड्याला पाच डॉलरच्या हप्त्याने विकला. पुढे यामाहासारख्या कंपन्यांनी याच वाद्यावरून आपले नमुने बेतले. इंडियानापोलिस आणि पिट्सबर्गच्या वाद्यवृंदांत उमेदवारी करून जेकब्ज शिकागोला आले.

ट्यूबाच्या खालच्या स्वरांना हवेचा दाब थोडा लागतो, पण हवा भरपूर लागते; जोरात वाजवताना छाती काही सेकंदांत रिकामी होते. त्यात जेकब्जना दमा, आणि वयाबरोबर फुफ्फुसांची क्षमता घटत गेलेली. श्वसनाचे शरीरशास्त्र त्यांनी अभ्यासले ते या गरजेतूनही. वारंवार श्वास घेऊनही सुरावट अखंड ऐकू यावी, हे त्यांनी साधले.

शिक्षक म्हणून त्यांचे मोठेपण मात्र निराळ्याच ठिकाणी आहे. पोट ताठ धरून फुंकण्याचा जुना उपदेश त्यांनी मोडीत काढला. श्वासपटल हा श्वास आत घेण्याचा स्नायू. पोट आवळले की ताकद वाढते असे वाटते, प्रत्यक्षात हवा अडते. म्हणून विद्यार्थ्याच्या हातातून ते वाद्य काढून घेत आणि त्याला स्पायरोमीटरसारख्या उपकरणांत फुंकायला लावत. हवा किती जाते ते डोळ्यांना दिसे. सवय बसली की वाद्य परत हाती येई. मग शरीराचा विचार सोडून मनातला सूर ऐकत वाजवायचे. शरीरशास्त्र इतके जाणणाऱ्या माणसाने ते विसरायला सांगावे, यातच या पद्धतीची खुबी आहे.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ते शिकवत, शिवाय मिशिगन अव्हेन्यूवरील फाइन आर्ट्स बिल्डिंगमध्ये खासगी शिकवण्या घेत. ट्रम्पेट, हॉर्न, बासरी वाजवणारे आणि गायकही त्यांच्याकडे येत. एकल वादनाची संधी ट्यूबाला विरळाच. तरी व्हॉन विल्यम्सचा ट्यूबा कन्चेर्टो त्यांनी डॅनियल बॅरेनबॉइम यांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केला.

त्यांची शिकवण मुख्यतः तोंडी. सहायक ब्रायन फ्रेडरिकसन यांनी ती १९९६ मध्ये ‘साँग अँड विंड’ या पुस्तकात मांडली. दोन वर्षांनी जेकब्ज निवर्तले.